अडुसष्ट

अमळनेरच्या पंपावरचा पोऱ्या टाकीत नळी सोडून विचारतो,
“कितलं देस, भो?”
सत्तावीस.
मग गाडीला एक चक्कर मारतो, उकिडवा बसून आत डोकावतो.
“इतली मोठी गाडी, नि एकच शिलेंडर?”
एकच.
“काबरं?”

आता काबरं ते काय सांगावं.
विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला किती असायचे?
दादा ओट्यावर आडवे पडून ऐकायचे, दीड मैलावरून,
पुक्, पुक्, पुक्,
आणि एक पुक् गळाला तरी उठून चप्पल शोधायचे.
दोन असते तर कळलं नसतं, आजारी कुठला.

गाडी तशी दगडधोंड्यांसाठी जन्मलेली.
लांब पायांची, उंच पाठीची, टायरला खारकेएवढे दात.
मी हिला डांबरावर चालवतो.
इस्हाक मिस्तरीला ते बघवत नाही:
“साहेब, घोडी घेतली आणि टांग्याला जुंपली.”
असेल.
मी ठिबकच्या नळ्या विकतो, माझी गिऱ्हाइकं रस्त्याला लागून आहेत,
आणि सातपुडा उजव्या हाताला आहे तिथेच बरा दिसतो.
सिग्नलला माझा डावा पाय टेकतो, उजवा लोंबतो.
शाळेतली पोरं हसतात. मीही.

सावखेड्याच्या पुलावर तापी अर्धी वाळू, अर्धी आभाळ.
चाळीसला गाडी कुरकुरते.
पन्नासला तळहातांना मुंग्या.
साठला आरशात काहीच नसतं: मागचा केळीचा ट्रक म्हणजे हिरवा धूर,
रस्ता म्हणजे कुणीतरी झटकत असलेली सतरंजी.
तीनदा नंबरप्लेट गळाली. एकदा आरसाच.
खिशात कायम दहा नंबरचा पाना आणि सुतळी.
मग पासष्ट, सहासष्ट,
आणि अडुसष्टला,
का ते बनवणाऱ्यालाही माहीत नसेल,
आरसा थांबतो.

निंबा देसलेची गाडी हिची जुळी.
एकाच दिवशी घेतल्या, नाशिकहून एकामागे एक आणल्या.
आठ वर्षं त्याचा दिवा माझ्या आरशात,
अडुसष्टला गोल, एरवी सांडलेला.
हो की पुढे, म्हटलं तर म्हणायचा,
मागून आवाज नीट येतो.
मग मणक्याची चौथी की पाचवी गादी सरकली
आणि डॉक्टरीणबाईंनी दुचाकी बंद लिहून दिली, औषधांच्या खाली, त्याच अक्षरात.
गाडी इंदूरच्या एका पोराने नेली.
निंबा त्याला फाटकापर्यंत सोडायला गेला नाही.
पाना मला दिला. तोच हा, खिशातला.

आता त्याच्याकडे पांढरी कार आहे.
सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही,
आणि एसी असा की नातू स्वेटर मागतो.

आज मी चोपड्याहून शिरपूरकडे निघालो.
त्याचंही तिकडे काम निघालं. कसलं, ते नीट सांगितलं नाही.
हो तू पुढे, म्हणाला, मी आहेच.

हातेड गेलं. गलंगी गेली.
एप्रिल, दुपारचे दोन, त्रेचाळीस अंश.
बांधाबांधावर पऱ्हाट्यांचे ढीग,
केळीच्या बागांनी हिरव्या जाळीचा पदर नाकापर्यंत ओढलेला,
समोरून येणाऱ्या एकूण एक गाडीच्या काचा घट्ट.
अनेरचा पूल उतरलो आणि मूठ हळूच पिळली.
सहासष्ट.
सदुसष्ट.

आरसा थांबला.
पांढरी कार, ना जवळ ना लांब, जिथे दिवा असायचा तिथे.
चारही काचा खाली.
एक कोपर बाहेर भाजतंय,
मान जराशी कलती.

थाळनेर फाट्याला मला वळायचं होतं,
सैंदाणे अण्णा नळ्यांची वाट बघत असतील.
बघू देत.